गांवाच्या आरोग्याचा कारभारी कोणीं निवडावा?

गेल्या महिन्यांत आमच्या एका उपदेशक बंधूंचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या भागांतील मिशन इस्पितळानें आसपासच्या खेड्यांच्या आरोग्याची योजना आंखून ती चालविण्याकरितां एक संचालक नेमण्याचें ठरविलें आहे. आणि निवड करणाऱ्या कमिटींत खेड्यांतील मंडळ्यांच्या वतीनें एक जण असावा म्हणून या बंधूंस बोलावणें आलें आहे. ते लिहितात, "माझें शिक्षण दहावीपर्यंत. येणारे उमेदवार मोठमोठ्या पदव्यांचे. मीं तेथें बसून काय करावें? इतरांच्या होकारांत आपला होकार मिळवावा, कीं मुळीं जाऊंच नये?"

हा प्रश्न एकट्या या बंधूंचा नव्हे. अशा नेमणुका आजकाल अनेक संस्थांतून होतात. आणि २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत तर गांवोगांव आरोग्याच्या समित्या स्थापण्यांत आल्या. तेव्हां आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आज ना उद्यां अशा खुर्चीवर बसण्याचा प्रसंग येईल. त्या खुर्चीवर आम्ही एकदां बसलों आहों, आणि तेथें आमच्या हातून जें झालें तें सांगितल्यावांचून या बंधूंस उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तें सांगूंच. परंतु आधीं हें काम कोणतें तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण 'संचालक' हा शब्द ऐकतांच कित्येकांच्या डोळ्यांपुढें टेबल, घंटा आणि शिपाई उभा राहतो.

डॉक्टर आपल्या दारीं आलेल्या रोग्यास पाहतो. आरोग्याची योजना करणाऱ्यानें दारीं न आलेल्यांस पाहावयाचें असतें. आपल्या भागांत घरें किती, माणसें किती. एका वर्षांत बाळें किती जन्मलीं आणि त्यांतील किती वर्षाचीं होण्याआधीं गेलीं. किती गरोदर बायांची तपासणी झाली, किती मुलांस लशी टोंचल्या. कोणत्या विहिरीचें पाणी चैत्रांत आटतें आणि कोणत्या विहिरींत पहिल्या पावसाबरोबर गांवची घाण उतरते. कोणत्या वस्तीची वाट किती महिने बंद असते. हें सर्व त्यानें मोजावयाचें. मग हातीं असलेला पैसा, एक गाडी आणि चार परिचारिका यांची वांटणी करावयाची. आणि पैसा कधींच पुरत नसतो. म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया कराव्या, कीं बाळंतिणींच्या घरीं परिचारिका पाठवावी? विहिरीस कठडा बांधावा, कीं क्षयाच्या रोग्यांचा थुंका तपासावा? चारही कामें चांगलीं. चारही होणार नाहींत. योजना करणें म्हणजे कोणीं आधीं यावें व कोणीं थांबावें हें ठरविणें होय. कोणत्याही योजनेच्या कागदावर 'हीं चाळीस घरें आम्हीं सोडून दिलीं' असें लिहिलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. परंतु प्रत्येक योजनेंत कोणतीं तरी चाळीस घरें सुटलेलीं असतात. तीं कोणाचीं असावीं, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मतें तो न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्यायाच्या प्रश्नांत दहावी झालेल्या माणसासही बोलतां येतें.

आतां आमची गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वीं एका इस्पितळानें अशाच कामाकरितां जाहिरात दिली. इस्पितळाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. दोष कमिटीचा होता, आणि कमिटींत आम्ही होतों. अर्ज अकरा आले. शेवटीं दोन राहिले. एक तरुण डॉक्टर, वय तिशीच्या पुढें, सार्वजनिक आरोग्याची वरिष्ठ पदवी घेतलेले, बोलण्यांत नम्र आणि आपल्या विषयांत तयार. तीस गांवांची योजना त्यांनीं रंगीत नकाशांसह करून आणली होती. दुसरी एक परिचारिका. वीस वर्षें त्याच भागांत पायीं हिंडलेली. कोणत्या घरीं जुळीं झालीं आणि कोणत्या घरीं सासू सुनेस दवाखान्यांत पाठवीत नाहीं, हें तिला तोंडपाठ. मुलाखत इंग्रजींत होती. अध्यक्षांनीं तिला विचारलें कीं, योजना म्हणजे आपण काय समजतां? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मराठींत म्हणाली, "साहेब, पावसाळ्याच्या आधीं विहिरींत औषध टाकलें तर ती योजना. पावसाळा लागल्यावर टाकलें तर ती धांवपळ." आम्ही सर्व हंसलों. उत्तर आम्हांस फार आवडलें. मतें देण्याची वेळ आली तेव्हां पांचही हात डॉक्टरसाहेबांकरितां वर झाले. आमचा हात त्यांत होता.

डॉक्टरांनीं काम मन लावून केलें, हें येथें स्पष्ट लिहिलें पाहिजे. पगाराकडे पाहून ते आले नव्हते. त्यांस शहरांत याहून किती तरी अधिक मिळालें असतें. त्यांनीं सरकारी तक्त्यांवरून लोकसंख्या घेतली, नकाशावर अंतरें मोजलीं आणि मोठ्या रस्त्यावरील एका गांवीं उपकेंद्राची पक्की इमारत बांधविली. तेथून कोणतीही वस्ती दोन कोसांच्या पलीकडे नव्हती. नकाशाप्रमाणें हें खरें होतें. परंतु एका ओढ्यापलीकडे तीन वस्त्या आहेत. नकाशांत त्या ओढ्यावर पूल होता. तो मंजूर झालेला होता, बांधलेला नव्हता. आषाढापासून आश्विनापर्यंत तो ओढा उतरून कडेवर मूल घेतलेली बाई अलीकडे येऊं शकत नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत त्या वस्त्यांत हगवणीची सांथ आली. जिला आम्हीं नाकारलें होतें ती परिचारिका इस्पितळाच्या नोकरींत होतीच. बातमी कळतांच ती लांबचा वळसा घेऊन, पांच कोस चालून, मीठ-साखरेचीं पाकिटें घेऊन तेथें पोहोंचली. तोंवर दोन मुलें गेलीं होतीं. त्यांतील एक आमच्या मंडळीचें. त्याचें दफन आम्हीं केलें. प्रार्थना संपल्यावर त्याची आई आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, मधी वढा हाय हे त्या सायबाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

वाचकहो, तो ओढा आम्हांस ठाऊक होता. त्या वस्त्यांत उपासनेस जातांना चपला हातांत घेऊन आम्हीं तो कितीदां ओलांडला असेल. कमिटींत नकाशा आमच्यापुढें पसरलेला होता, तो पूल आम्हांस दिसला होता, आणि आम्हीं तोंड उघडलें नाहीं. असें वाटलें कीं, विद्वान माणसाच्या नकाशांत पाळकानें चूक काढणें बरें दिसत नाहीं. त्यांस अधिक माहिती असेल. कदाचित् आम्ही गेल्यावर पूल झाला असेल. याला नम्रता म्हणावें कीं भित्रेपणा, हें आमचें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. परंतु पत्र लिहिणाऱ्या बंधूंच्या शब्दांत आम्हांस आमचेंच त्या दिवसाचें मौन ऐकूं येतें, म्हणून इतकें लिहिलें.

कोणी म्हणेल, तर मग परिचारिकेसच नेमावयाचें होतें. कदाचित् होय. परंतु आम्ही तेंही इतक्या सहज म्हणत नाहीं. तीस गांवांचा हिशेब, सरकारशीं पत्रव्यवहार, औषधांची खरेदी, वर्षाचें अंदाजपत्रक, हीं कामें तिला जमलीं असतीं कीं नाहीं हें कोणीं सांगावें? तिची स्वतःची रोजवहीसुद्धां महिना-महिना मागें असे. प्रेमळ माणसाच्या हातूनही लशी उन्हांत राहून फुकट जातात आणि रोग्याचें नुकसान तितकेंच होतें. पुष्कळ विचारानंतर आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, आमची मोठी चूक माणसाच्या निवडींत नव्हती. निवडलेल्या माणसानें कोणापुढें उभें राहून जाब द्यावा, हें आम्हीं ठरविलेंच नाहीं, ती मोठी चूक. डॉक्टर दर तीन महिन्यांनीं आमच्या कमिटीपुढें अहवाल वाचीत आणि आम्ही शहरांत पंख्याखालीं बसून ऐकत असूं. अहवालांत उपकेंद्रांत आलेल्या रोग्यांची संख्या असे. न आलेल्यांची कोठून असणार? जुन्या काळीं मिशनचे डॉक्टर आपला अहवाल समुद्रापलीकडच्या बोर्डास पाठवीत. आम्हीं समुद्र काढून टाकला, आणि ओढा तसाच ठेवला.

जो लोकांच्या आरोग्याचा कारभार पाहतो त्याचा जाब लोकांपुढें नसला म्हणजे गोष्ट कोणत्या थरास जाते, याचें उदाहरण पुण्याच्या इतिहासांत आहे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं पुण्यांत पसरला. सरकारनें फेब्रुवारी १८९७ मध्यें प्लेग कमिटी नेमून तिचें अध्यक्षपण वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याकडे दिलें. कडक अंमलदार म्हणून त्याची ख्याति होती. हेतु वाईट नव्हता. माणसें रोज मरत होतीं आणि सांथ थांबवावयाची होती. परंतु घरांची झडती घेण्यास गोरे सोजीर पाठविण्यांत आले. ते माजघरांत व देवघरांत शिरले, रोग्यांस इस्पितळांत आणि घरच्या मंडळीस छावणींत नेलें, सामान जाळलें. लोकांनीं काय केलें? जें कोणीही करील तेंच. रोगी लपविले, मृत्यु लपविले, आणि सांथीचा खरा आंकडा कमिटीस कळेनासा झाला. २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. तो ३ जुलैस मरण पावला. त्याच रात्रीं लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला. खुनाचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु या प्रकरणांतील एक गोष्ट आम्हांस विशेष विचार करण्यासारखी वाटते, आणि ती सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या ज्ञानाच्या बळावर ही सक्ति चालली होती तें ज्ञानच त्या वेळीं अपुरें होतें. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें प्लेग माणसांस होतो हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें दाखविलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. सोजिरांनीं माणसें शोधलीं, कपडे शोधले, भिंती धुतल्या. 'उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें' ही समजूत मात्र प्लेगच्या त्या वर्षांत आपल्या आयाबायांच्या तोंडीं झाली. तिच्यांत किती तथ्य आहे हें शोधण्याकरितां त्यांस विचारावें, असें कमिटीस वाटलें नाहीं.

त्याच शहरीं, त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले वारल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत प्लेगचे रोगी पोहोंचवितां-पोहोंचवितां त्यांसही तोच रोग जडला होता. त्यांस कोणत्याही कमिटीनें नेमलें नव्हतें.

आतां ज्या उदाहरणानें आमचें मन पुन्हां उभारी धरतें तें सांगूं. तेंही आपल्याच प्रांतांतील आहे, आणि आमच्या पुष्कळ वाचकांस ऐकून ठाऊक असेल. परंतु त्यांतील निवडीचा भाग बहुधा दृष्टीआड राहतो. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलें. पुढें अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन इस्पितळांत त्यांनीं काम केलें. तेथें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बरें करून घरीं पाठविलेलीं माणसें तेच रोग घेऊन पुन्हां येतात. म्हणून ते अमेरिकेंत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० सालीं जामखेडास आले. म्हणजे विद्येची त्यांस कमतरता नव्हती. विद्या नको असें म्हणणाऱ्यांस जामखेडचें नांव घेतां येणार नाहीं. परंतु त्यांनीं आपली योजना गांवांच्या उत्तरांनीं बदलूं दिली. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या तेथें रुजल्या नाहींत. तेव्हां गांवांनींच आपल्यांतील बाया या कामाकरितां पुढें केल्या. त्यांत कित्येक निरक्षर, कित्येक विधवा वा टाकलेल्या, पुष्कळ दलित समाजांतील. या बाया आठवड्यास जामखेडास येऊन एकेक गोष्ट शिकत आणि परत जाऊन गांवांत शिकवीत: हगवणीच्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, मुलाचें वजन कसें पाहावें, बाळंतपणांत हात कसे स्वच्छ ठेवावे. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हां लोकांस औषधाआधीं पाणी व अन्न पाहिजे होतें. डॉक्टर पाण्याच्या मागें लागले. विंधनविहिरी दलित वस्तींत घेण्याचा त्यांनीं आग्रह धरला, म्हणजे पाण्यास यावयाचें तर सर्वांनीं तेथें यावें. जामखेडच्याच नोंदींप्रमाणें १९७१ मध्यें तेथें जन्मलेल्या दर हजार बाळांत १७६ वर्षाचीं होण्याआधीं मरत. १९७६ पर्यंत ही संख्या ५२ वर आली. १९७९ मध्यें या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कार आज आहेत, उद्यां नाहींत. परंतु डॉक्टरानें स्वतःच्या हातांतील काम कापून निरक्षर बाईच्या हातीं द्यावें, आणि तिच्याकडून आपल्या योजनेचा कान धरूं द्यावा, हें आम्हांस पुरस्कारापेक्षां दुर्मिळ वाटतें.

गडचिरोलींत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें काम आरंभिलें, तेव्हांही असेंच झालें. आदिवासी लोकांस मोठ्या इमारतीच्या इस्पितळाचें भय वाटे; त्यांनीं सांगितलें तशा झोंपड्यांसारख्या खोल्यांचें इस्पितळ बांधण्यांत आलें. आमच्या उपकेंद्राच्या पक्क्या इमारतीस आज कुलूप आहे, आणि तिच्या ओट्यावर दुपारीं शेळ्या बसतात.

जामखेडसारख्या कामांची कीर्ति जगभर गेली. १९७८ मध्यें त्या वेळच्या सोव्हिएत संघांतील आल्मा-आटा येथें जागतिक आरोग्य संघटनेची मोठी परिषद भरली. तिनें जाहीर केलें कीं, आपल्या आरोग्याच्या योजनेंत भाग घेणें हा लोकांचा हक्क आहे आणि तें त्यांचें कर्तव्यही आहे. हक्क सोडून देतां येतो. 'मला नको' म्हणून माणूस घरीं बसूं शकतो. कर्तव्याचें तसें नाहीं. तेव्हां आमच्या बंधूंच्या 'जाऊंच नये कां' या प्रश्नाचें उत्तर येथेंच मिळतें.

परंतु गेल्यावर काय करावें? येथें खेड्यांचीही खरी स्थिति सांगितली पाहिजे. नाहीं तर आम्ही शहरास दोष देऊन खेड्यास देव्हाऱ्यांत बसविल्यासारखें होईल. निवड गांवावर सोडली कीं पुष्कळदां पाटलाचा भाचा निवडला जातो. आपल्या मंडळ्यांतही वडिलांची जागा भरतांना कोणाचे नातलग अधिक आहेत हें मोजलें जातें, हें आम्ही डोळ्यांनीं पाहतों. शिवाय विहिरीच्या पाण्यांत पटकीचे जंतु आहेत कीं नाहींत हें हात वर करून ठरत नाहीं. सर्व गांवानें 'पाणी गोड आहे' म्हटलें तरी जंतु मतदान मानीत नाहींत. ज्ञानाची परीक्षा ज्ञानी लोकांनींच करावी. आमच्या बंधूंनीं त्यांत पडूं नये. पदवी खरी कीं खोटी, शास्त्र येतें कीं नाहीं, हें कमिटींतील डॉक्टर पाहतील.

मग त्यांच्याकरितां काय उरतें? प्रेषितांच्या कृत्यांत सात जणांच्या निवडीची जी हकीकत आहे ती आठवावी. यरुशलेमांत रोजच्या वांटणींत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा सुटूं लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनीं स्वतः माणसें निवडलीं नाहींत. माणूस कसा असावा हें सांगितलें आणि निवड मंडळीवर सोंपविली. निवडलेल्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सारीं ग्रीक आहेत. आम्ही याचा अर्थ असा घेतों कीं, ज्यांच्या विधवा सुटल्या होत्या त्यांच्याच बाजूचीं माणसें पंक्तीवर ठेवण्यांत आलीं. पात्रता काय असावी हें जाणत्यांनीं ठरविलें. आपल्या विधवांची काळजी कोण घेईल हें, ज्यांच्या विधवा उपाशी होत्या त्यांनीं ओळखलें.

दुसरी हकीकत योसेफाची. ती आम्ही शाब्बाथशाळेंत मोठ्या आनंदानें शिकवितों: परका, तुरुंगांतला, आणि तरी फारोनें त्याच्या शहाणपणाकडे पाहून सबंध देशाच्या धान्याची योजना त्याच्या हातीं दिली. सात वर्षें पांचवा हिस्सा सांठविला आणि दुष्काळांत लोक जगले. म्हणून माणूस आपल्याच गांवचा, आपल्याच जातीचा पाहिजे असें नाहीं, हेंही त्यांतून शिकावें. परंतु पुढचा भाग उपासनेंत क्वचितच वाचला जातो. त्याच योजनेनें लोकांचा आधीं पैसा गेला, मग गुरें गेलीं, मग शेतें गेलीं, आणि शेवटीं ते स्वतः फारोचे दास झाले. आणि जीव वांचविला म्हणून त्यांनीं योसेफाचे आभारच मानले. योसेफ चांगला माणूस होता, म्हणूनच ही गोष्ट आम्हांस अधिक विचार करावयास लावते. चांगल्या माणसाची चांगली योजनाही लोकांस जगवून परावलंबी करूं शकते. ज्या गांवांत मुलास हगवण लागली कीं मीठ-साखरेचें पाणी कसें करावें हें कोणत्याही आईस ठाऊक नाहीं, आणि प्रत्येक वेळीं इस्पितळाच्या गाडीची वाट पाहावी लागते, त्या गांवाचें आरोग्य फारोच्या कोठारांत आहे.

म्हणून आमचें बंधूंस सांगणें असें. कमिटींत जावें, आणि पहिल्याच बैठकींत एक मागणी करावी: शेवटच्या दोघां-तिघां उमेदवारांस दोन-दोन रात्रीं एखाद्या दूरच्या वस्तींत राहावयास पाठवावें, इस्पितळाच्या गाडीनें नव्हे. परत आल्यावर त्यांनीं काय पाहिलें हें कमिटीनें त्यांस विचारावें. मग बंधूंनीं स्वतः त्या वस्तींत जाऊन, विशेषेंकरून बायांस, विचारावें कीं, पाहुण्यानें तुम्हांस काय सांगितलें हें राहूं द्या, त्यानें तुम्हांस काय विचारलें? पाणी कोठून आणतां, रात्रीं बाळंतीण अडली तर कोठें नेतां, गेल्या वर्षीं कोणाचें मूल गेलें, असें ज्यानें विचारलें त्यास अर्धी परीक्षा उतरली असें समजावें. जो दोन दिवस स्वच्छतेवर व्याख्यानें देऊन आला, तो कितीही गोड बोलला असला तरी त्याच्याविषयीं बंधूंनीं कमिटींत शंका काढावी. कमिटी यास हंसेल. आम्हीही बहुधा त्या दिवशीं हंसलों असतों.

आणि नेमणुकीच्या कागदावर एक कलम मागावें: संचालकानें दर सहा महिन्यांनीं गांवांतून, चावडीवर किंवा देवळासमोर, सर्वांपुढें उभें राहून मराठींत सांगावें कीं, काय ठरलें होतें, काय झालें, कोणतीं घरें सुटलीं आणि कां. महाराष्ट्रांत २००७ पासून कांहीं जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांविषयीं लोकांच्या जनसुनवाया झाल्या आहेत. तेथें अधिकारी व लोक समोरासमोर आले, आणि त्यांत कोणाचें आकाश कोसळलें नाहीं. पगार किती, गाडी कोणती, रजा किती, हीं कलमें कमिटी दोन तास बोलेल. या कलमास दहा मिनिटें मिळालीं तरी पुरे. तें नाकारलें गेलें तर आपला विरोध कामकाजाच्या वहींत लिहून घ्यावा म्हणावें. उमेदवार जर म्हणाला कीं, अडाणी लोकांपुढें मीं जाब कां द्यावा, तर बंधूंस आणखी कांहीं पाहण्याची गरज नाहीं. आणि जर तो म्हणाला कीं, मला भीति वाटते पण येईन, तर त्याच्या पदवीविषयींची सर्व काळजी डॉक्टरांवर सोंपवून त्याच्या बाजूनें हात वर करावा.

बंधूंनीं दुसऱ्या पत्रांत कळविलें आहे कीं, बैठक येत्या महिन्यांत आहे, आणि इस्पितळाकडून त्यांस सर्व गांवांचा एक नकाशा आला आहे. त्यांच्या भागांत आम्ही कधीं गेलों नाहीं. तेथें किती ओढे आहेत हें त्यांसच ठाऊक. बैठकीपूर्वीं एखादा दिवस काढून त्यांनीं तो नकाशा पिशवींत घ्यावा, आणि त्यांत काढलेला प्रत्येक पूल चालत जाऊन पाहून यावा. आमच्या ओढ्यावरचा पूल गेल्या पावसाळ्यापर्यंत तरी झालेला नव्हता.